अंगठ्याचं हाड

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यापायी माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. ही गोष्ट मी नातवंडांना अजून सांगितलेली नाही, कारण ती हसतील, आणि त्यांनी हसलेलं मला चालत नाही. मी स्वतः हसते ते वेगळं.

साल १९५३. आम्ही ठाण्याला चरईत राहत होतो. मी अकरा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून घरात अण्णा आणि मी अशी दोनच माणसं. अण्णा कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क होते आणि मी मुलींच्या शाळेत चौथीचा वर्ग घेत होते. तेव्हाचं ठाणं एवढंसं. संध्याकाळी मासुंद्याच्या तळ्यावरून एक फेरी मारली की निम्म्या गावाला नमस्कार करून व्हायचा, आणि आपण कुठली साडी नेसलो होतो ते उरलेल्या निम्म्या गावाला दिवेलागणीपर्यंत कळलेलं असायचं. लोकांच्या ह्या डोकावण्याचा मला तेव्हा संताप यायचा. आता शेजारच्या ब्लॉकमध्ये कोण राहतं ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगू, त्या डोकावण्याची फार आठवण येते.

माझ्या अंगठ्याच्या मुळाशी, पावलाच्या आतल्या बाजूला, सुपारीएवढं हाड वर आलं होतं. अंगठा शेजारच्या बोटावर कलला होता. आजीचा पाय तसाच होता म्हणे. पण सगळा दोष आजीवर टाकण्यात अर्थ नाही. मॅट्रिक झाल्यावर मुंबईहून घेतलेले निमुळत्या टोकाचे बूट मी दोन वर्षं हट्टाने वापरले, कारण त्यात पाय नाजूक दिसायचा. मग ते हाड लाल व्हायला लागलं. चप्पल घातली की घासायचं, काढली की ठणकायचं. शाळा सुटली की मी रिकाम्या वर्गात बाकावर पाय वर घेऊन बसून राही, आणि शिपाईण झाडायला आली की वह्या तपासायचं सोंग करी.

तेव्हा मुलगी बघायला आले की तिला चालून दाखवायला सांगत. दारापासून पाटापर्यंत. लंगडते का, पाऊल कसं पडतं, सगळं त्यात बघून घेत. माझं दुसरं स्थळ तिथेच मोडलं. मुलाची आत्या माझ्या पायाकडे टक लावून बघत राहिली आणि जाताना जिन्यात म्हणाली, "मुलगी चांगली आहे हो, पण पायात काहीतरी आहे." तिसऱ्या वेळी अण्णांनी शहाणपण केलं. मंडळी यायच्या आधीच मला सतरंजीवर बसवून ठेवलं, साडीचा काठ पावलांवर ओढून.

हे तिसरं स्थळ म्हणजे डोंबिवलीचे गुप्ते. मुलगा त्र्यंबक, अंबरनाथला एका कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर. वडील नव्हते. बरोबर त्याची आई गोदाबाई आणि एक चुलते आले होते. चुलत्यांनी स्वयंपाकाचं, शिवणाचं, पगाराचं, सगळं विचारून घेतलं. त्र्यंबकराव चहाच्या कपात बघत बसले होते. मी लग्नानंतर त्यांचं नाव कधी घेतलं नाही, पण आता ह्या वयात आणि ते नसताना मी ते लिहिणार आहे. उठायच्या आधी त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तुम्हाला चालायला आवडतं का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. साडीखाली माझा पाय नुसता ठणकत होता.

"हो, खूप," मी म्हटलं.

दसऱ्यानंतर साखरपुडा झाला. माघातली तिथी धरली. माणसं मला मनापासून आवडली होती, हेही सांगून टाकते. त्र्यंबकरावांच्या शर्टाच्या बाहीला शाईचा डाग होता आणि तो लपवायला ते हात मागे घेत होते, एवढ्यावरच माझं निम्मं काम झालं होतं. त्यामुळे माझी झोप उडाली. जो माणूस आयुष्याच्या जोडीदाराला हा एकच प्रश्न विचारतो, तो केवढा चालणारा असेल! मला तो दर रविवारी मलंगगड चढताना दिसायला लागला. मागे मी, पायात सुपारी घेऊन. शेवटी मी अण्णांना म्हटलं, "मला हे हाड काढून घ्यायचंय."

अण्णांनी चौकशी केली. कल्याणला डॉक्टर गोपीनाथ कर्णिक होते. लढाईत असताना शिपायांचे पाय दुरुस्त करून आलेले. त्यांनी माझा पाय हातात घेऊन अंगठा वरखाली केला, मला ओरडू दिलं आणि म्हणाले, "वाढलेलं हाड तासून काढू आणि अंगठा सरळ बसवू. चार आठवडे प्लास्टर. मग दोन आठवडे टाचेवर, तेही घरातल्या घरात. घाई केलीत तर सगळं फुकट." दिवाळीनंतर लगेच केलं तर माघापर्यंत मी पळायला लागेन, असं अण्णांनी कॅलेंडरवर हिशेब करून काढलं.

"पण हे कुणाला कळता कामा नये," अण्णा म्हणाले.

माझी मावशी कल्याणलाच होती, पारनाक्यापाशी. कलावती तिचं नाव, आम्ही कलामावशी म्हणायचो. काका रेल्वेत गार्ड, आठवड्यातले चार दिवस बाहेर. मूलबाळ नाही. अण्णांनी ठाण्यात सांगितलं की मावशीची तब्येत बरी नसते, मंदा मदतीला गेली आहे. शाळेत रजेच्या अर्जावर "घरगुती कारण" लिहिलं. आणि मावशीला बजावलं की शेजारीपाजारी अक्षर बोलायचं नाही. मावशी बिचारी आज्ञाधारक. ती अक्षर बोलली नाही. तिथेच सगळं चुकलं.

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही. नाकावर जाळी आली, गोडसर उग्र वास आला, आणि डॉक्टर म्हणाले, "आकडे मोजा बाई." मी मास्तरीण, नुसते आकडे काय मोजायचे, म्हणून एकोणतिसाचा पाढा सुरू केला. पंचे म्हटल्याचं आठवतं. जागी झाले तेव्हा पाय घोट्यापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये होता, अंगठ्याचं टोक तेवढं बाहेर, आणि दुखणं असं की मी डॉक्टरांच्या मातोश्रींचा उद्धार केला म्हणे. डॉक्टरांनी नंतर कधी त्याचा उल्लेख केला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

तिसऱ्या दिवशी टांग्यातून, पाय शालीखाली झाकून, मला मावशीकडे आणलं. माजघरातल्या खाटेवर मी, उशांच्या उतरंडीवर माझा पाय. आणि मग सुरू झाले ते दिवस. आई गेल्यापासून माझ्या हातात कुणी आयतं ताट दिलं नव्हतं. सकाळी मावशी केस विंचरून वेणी घालायची. दुपारी ती शेजारी आडवी होऊन आईच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची, आईने विहिरीत टाकलेल्या कळशीची, आईने शाळेत मारलेल्या दांडीची. माझी आई दांडी मारायची हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. बाहेर टांग्याच्या घोड्याची टापटाप, पिठाच्या गिरणीची फटफट, आणि काका घरी आले की कोपऱ्यात त्यांचा गार्डाचा कंदील. त्या माजघराचा, तेलाचा आणि ओल्या सारवणाचा वास अजून मला कधीकधी काही कारण नसताना येतो. मग मी जिथे असेन तिथे थोडा वेळ थांबते. पाय दुखत होता, पण मी सुखात होते.

मावशीला डॉक्टरांनी सांगितलं होतं की हाड भरून यायला ताकद हवी. मावशीच्या लेखी ताकदीच्या वस्तू ठरलेल्या होत्या. तिने पहिल्याच आठवड्यात डिंकाचे लाडू वळले. रोज सकाळी अळिवाची खीर. झोपून खाल्लेलं पचावं म्हणून जेवणावर बाळंतशोपा. थंडी पडायला लागली तशी खाटेखाली शेगडी, हाडाला ऊब हवी म्हणून. हे सगळं सामान तिने कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणलं. वाण्याने विचारलं, "कुणासाठी?" मावशी अक्षर बोलली नाही.

आणि एक दिवसाआड प्लास्टर बघायला यायच्या हौसाबाई. डॉक्टरांकडे त्या नर्स होत्या, हे खरं. पण त्याआधी वीस वर्षं त्या कल्याणात सुईण होत्या. पारनाक्यावरची निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती. त्यांची ती काळी पिशवी ज्या घरात शिरे, त्या घरापुढे बाया थांबून मनातल्या मनात महिने मोजत.

आता तुम्हीच बघा. साखरपुडा झालेली मुलगी. एकाएकी मावशीकडे. दारं बंद, खिडकी बंद. डिंक, अळीव, शेगडी, आणि हौसाबाई. आम्हा शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

अण्णा दर रविवारी ठाण्याहून यायचे. चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "कुणी आलं होतं का? कुणी काही विचारलं?" मग खिडकीची कडी बघायचे. मग चहा प्यायचे आणि जायचे. माझ्या पायाकडे त्यांनी त्या दिवसांत एकदाही धड पाहिलं नाही. मला राग यायचा, पण त्यांचाही स्वभाव मला माहीत होता. कचेरीत तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, कागदावर डाग पडू न देण्याचं.

चार आठवड्यांनी प्लास्टर निघालं. पाय ओळखू येईना, बारीक, निस्तेज, आणि त्यावर आडव्या टाक्यांची लांब रेघ. पण अंगठा सरळ! मी तो बघून रडले. मावशीने जमिनीवर चिंचोके पसरले आणि डॉक्टरांच्या हुकुमाप्रमाणे मी ते पायाच्या बोटांनी उचलायला शिकले. पहिल्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी चार. टाचेवर तोल सांभाळत खाटेपासून चुलीपर्यंत जायचं आणि परत.

त्याच आठवड्यात, बुधवारी, अण्णा आले. रविवार नसताना. त्यांनी चप्पलही काढली नाही. खिशातून पत्र काढून मावशीच्या हातात दिलं. गुप्त्यांच्या चुलत्यांचं पत्र होतं. काही कारणास्तव हे लग्न होऊ शकत नाही, कारण आपणांस ठाऊक असावे, साखरपुड्याची साडी आणि अंगठी सवडीने पाठवावी.

"त्यांना पायाचं कळलं," अण्णा खाली बसत म्हणाले.

मलाही तेच वाटलं. पण दुपारी हौसाबाई आल्या त्या धुसफुसतच. पिशवी आपटून म्हणाल्या, "कलाताई, मला आज भर रस्त्यात अडवून विचारलंन, मुलगा की मुलगी? मी म्हटलं कुणाला? तर म्हणे, तुम्ही जाता त्या बंद घरात. डोंबिवलीपर्यंत पोचलंय म्हणे! वाण्याच्या बायकोची बहीण दिलीय तिकडे."

मावशीच्या हातात अळिवाची वाटी होती. ती तिने हळूच खाली ठेवली. अण्णांचा चेहरा मी त्याआधी तसा एकदाच पाहिला होता, आई गेली तेव्हा.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी हेडक्लार्कला शोभेल असं केलं. डॉक्टरांकडून सर्टिफिकेट लिहून आणलं, सही, तारीख, शिक्का. सदर रुग्णाच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया केली आहे, दुसरे काहीही नाही. पण ते पाकिटात घातल्यावर पाठवायला त्यांचा हात होईना. "हे दाखवलं तर आपण व्यंग लपवलं हे आपल्याच हाताने कबूल केलं," ते म्हणाले. "आणि नाही दाखवलं तर..." त्यांनी पाकीट परत खिशात ठेवलं.

"मी जाऊन सांगते," मी म्हटलं.

"तू घराबाहेर पाऊल टाकायचं नाहीस. मी रविवारी येतो, मग ठरवू." पाऊल टाकायचं नाही हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं, त्यामुळे मावशीने दोघांच्या वतीने मान डोलावली.

रविवारपर्यंत मी विचार केला. लग्न मोडलं तर मोडलं, मी पगारी बाई होते, उपाशी मरणार नव्हते. पण मी जे केलं नाही त्यासाठी मोडावं? आणि मी जे केलं होतं, म्हणजे खोटं बोलले होते, ते कुणाला माहीतच नव्हतं. मला ते त्र्यंबकरावांना स्वतः सांगायचं होतं. त्यानंतर त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी ती साडी आनंदाने नाही, पण निमूट परत केली असती.

रविवारी मावशी जेवून लवंडली. मी काकांचा जुना कॅनव्हासचा बूट घेतला, विळीवर त्याचं पुढचं टोक कापलं, पट्टी बांधलेला पाय त्यात घातला. हातात काकांची छत्री. नाक्यावरून टांगा केला. स्टेशनवर बायकांच्या डब्यात एका म्हातारीने पायाकडे बघून जागा दिली. ठाकुर्लीच्या वीजघराची चिमणी मागे गेली आणि डोंबिवली आलं.

आज तिथे उतरलं की माणसाला आकाश दिसत नाही. तेव्हा स्टेशनाबाहेर पडलं की चार दुकानं, एक विहीर, आणि पुढे नुसती शेतं. भात कापून झालेलं, खुंट उभे, बांधावरून पायवाट. गुप्त्यांचं घर विचारलं तर पानवाल्याने हात लांब केला आणि म्हणाला, "सरळ जावा, दीड मैल असंल." टांगा? तो हसला.

मी टाचेवर निघाले. पहिला पाव मैल मी गुप्त्यांना काय बोलायचं ते मनात जुळवत होते. वाक्यं चांगली शुद्ध होती. अर्ध्या मैलावर टाच आपोआप पुढे झुकायला लागली आणि अंगठ्यावर भार पडायला लागला. मग वाक्यं गेली. मी बांधावर बसायची, उठायची, छत्रीवर जोर देऊन पुढे जायची. एका खळ्यावर पेंढ्याचे भारे रचणारा माणूस थांबून बघायला लागला. "बाय, कई चाललीस अशी?" त्याने विचारलं. मी गुप्त्यांचं नाव सांगितलं. "मी पोपट. थांब जरा, गारी जुपतो," तो म्हणाला. पण मी थांबले नाही. थांबले असते तर परत उठले नसते.

गोदाबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेजारच्या दोघी तिथेच होत्या. मला बघून त्या उठून उभ्या राहिल्या. सगळ्यांची नजर आधी माझ्या पोटाकडे गेली, हे मी पाहिलं. मी ते आयुष्यात विसरणार नाही.

मला कुणी बस म्हणालं नाही. मी पायरीवर बसले, बूट काढला आणि पट्टी सोडायला लागले. वेढ्यामागून वेढा. खालच्या वेढ्यांना रक्त लागलं होतं, टाक्यांच्या रेघेचं एक टोक उलगडलं होतं.

"हे झालंय मला," मी म्हटलं. "दुसरं काही झालेलं नाही. हाड वाढलं होतं ते काढलं. तुम्ही आलात तेव्हा ते होतं आणि आम्ही ते साडीखाली लपवलं. तुमच्या मुलाने विचारलं, चालायला आवडतं का, तर मी हो म्हटलं. ते खोटं होतं. मला दहा पावलंसुद्धा धड चालवत नव्हती. लग्न मोडायचं तर ह्यासाठी मोडा."

मग मला रडू फुटलं.

त्र्यंबकराव दारात येऊन उभे होते, कानावर पेन्सिल. ते कधी आले ते मला कळलं नाही. गोदाबाई माझ्या पायाकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "त्र्यंबक, घंगाळात कोमट पाणी आण. आणि माझ्या पेटीतलं जुनं मऊ धोतर."

पाणी आलं. गोदाबाई माझ्या खालच्या पायरीवर बसल्या आणि माझा पाय त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. मी दचकून मागे ओढला. आमच्यात लग्नात मुलीचा बाप नवऱ्यामुलाचे पाय धुतो. नवऱ्याच्या आईने मुलीच्या पायाला हात लावलेला कुणी पाहिलेला नाही.

"अहो, नको," मी म्हटलं. "असं नका करू."

"गप बस," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी माझे दोन्ही पाय धुतले. धूळ काढली, रक्त काढलं, बोटांच्या बेचक्या पुसल्या. जखमेभोवती बोट न लावता नुसतं पाणी सोडलं. मध्येच टाक्यांकडे निरखून म्हणाल्या, "शिवण बरी घातलीय मेल्याने." मग मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या कानावर आलं आणि मी खरं मानलं. भावोजींनी पत्र लिहिलं, मी अडवलं नाही. तुझ्या जागी माझी मुलगी असती तर मी आधी बघायला गेले असते. चुकलं माझं." हे त्यांनी शेजारणींच्या देखत म्हटलं. त्या दोघी पदर सावरून निघून गेल्या.

त्र्यंबकराव घसा खाकरून म्हणाले, "मी ते चालायचं विचारलं ना, ते... स्टेशनपासून घर दीड मैल आहे. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. आधीची दोन स्थळं तेवढ्यावरून गेली. म्हणून म्हटलं, आधीच विचारून ठेवावं. मला स्वतःला चालायचा भयंकर कंटाळा आहे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. पाच आठवडे, प्लास्टर, चिंचोके, तो मलंगगड! मला इतका राग आला की मी हसायलाच लागले. रडत होते आणि हसत होते. गोदाबाईंना वाटलं मला भोवळ येतेय, म्हणून त्यांनी माझ्या तोंडात गूळ कोंबला.

तेवढ्यात पोपट गाडी घेऊन दारात हजर. पेंढा कल्याणला घालायचाच होता, म्हणाला. "बस गं बाय गारीन. पेंढा मऊ हाय, पाय वर ठेव." गोदाबाई लुगड्याचा ओचा खोचून स्वतः गाडीत चढल्या, माझा पाय मांडीवर घेतला. त्र्यंबकराव मागून चालत निघाले. कल्याणच्या पत्रीपुलापर्यंत त्यांनी तीनदा विचारलं की अजून किती राहिलं.

डॉक्टरांनी नंतर मला जे झाडलं ते इथे लिहीत नाही. उलगडलेलं टोक पुन्हा शिवावं लागलं, आणि अंगठा थोडा कलला तो कललाच. त्या एका दुपारपायी डॉक्टरांच्या कामातलं निम्मं मी घालवलं. पुढे अडतीस वर्षांच्या संसारात पावसाची हवा झाली की तो ठणकायचा, आणि आमचे हे न विचारता कोमट पाणी आणून ठेवायचे. मला त्या दुपारचा पश्चात्ताप कधी झाला नाही.

पारनाक्यावर गाडी पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. वाणी दुकानाच्या फळीवर उभा होता. खिडक्या उघडायला लागल्या. पेंढ्याच्या गाडीत मी, मांडीवर माझा पाय घेऊन नवऱ्यामुलाची आई, आणि मागे धुळीने भरलेला नवरामुलगा. गोदाबाईंनी पदर नीट केला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात पोपटाला म्हणाल्या, "हळू उभी कर रे गाडी. सुनेचा पाय ताजा आहे."

दारात मावशी डोळे पुसत उभी, आणि पायरीवर अण्णा. हातात ते पाकीट. त्यांनी उठून हात जोडले आणि पाकिटातून सर्टिफिकेट काढायला लागले. "हे डॉक्टरांचं, सहीशिक्क्यानिशी..."

"राहू द्या ते," गोदाबाई म्हणाल्या. "लग्न वैशाखात करू. माघात नको, पाय पुरता बरा होऊ दे. लोक काय म्हणायचं ते म्हणतील, मी आहे ना बोलायला." आणि त्या मावशीबरोबर आत गेल्या.

अण्णा कागद हातात घेऊन गाडीपाशी आले. मला वाटलं, आता विचारतील, कुणी बघितलं का, वाटेत कोण भेटलं. सगळी आळी तर बघतच होती. त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही. ते वाकले आणि माझ्या पायाकडे बघत राहिले, धोतराच्या फडक्यातून ओलसर डाग वर आला होता तिथे.

"मंदे," ते म्हणाले, "फार दुखतंय का गं?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी ते सर्टिफिकेट पेंढ्यावर ठेवलं, मी लहान असताना घ्यायचे तसं मला दोन्ही हातांवर उचललं, आणि सगळ्या आळीसमोर घरात नेलं.